माहेरी निघालेली पहिली गाडी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका लग्नाला गेले होते. वरात आली ती चकचकीत काळ्या मर्सिडीजमधून. नवरदेव राहिला बाजूला, सगळ्या बायका गाडीभोवतीच गोळा झाल्या! कुणी समोरच्या चांदणीला हात लावून बघतंय, कुणी काचेत आपलं तोंड बघून पदर सारखा करतंय. तेवढ्यात आमच्या मावशींनी विचारलं, काय गं, हे मर्सिडीज म्हणजे कुठल्या देवाचं नाव का?

मी म्हटलं, देवाचं नाही मावशी, मुलीचं नाव आहे ते. आणि खरंच आहे. एमिल येलिनेक नावाच्या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याची ही लेक, जन्म १८८९ चा. वडील डाइमलर कंपनीच्या गाड्या विकायचे, शर्यतीत उतरवायचे. लेकीचं नाव त्यांना लकी वाटायचं म्हणून त्यांनी ते गाडीला दिलं. तेव्हा ती पोरगी दहा-अकरा वर्षांची होती.

मावशींचं समाधान झालं. माझं मात्र झालं नाही. कारण मर्सिडीज बेंझमधला बेंझ म्हणजे कार्ल बेंझ, आणि त्याच्यामागे उभी असलेली बर्था मला त्या चांदणीत कुठंच दिसेना. जिच्या पैशावर कारखाना टिकला आणि जिनं ती गाडी पहिल्यांदा लांबच्या रस्त्यावर नेली, त्या बर्थाची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

बर्था रिंगर ३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावात जन्मली. वडील बांधकामाच्या धंद्यातले, घरचं बरं चाललेलं. ती जन्मली तेव्हा घरातल्या बायबलमध्ये दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली अशी नोंद केली गेली, असं सांगतात. वाचून मी क्षणभर थांबले. हे तर आपल्याच गल्लीतलं वाटतं ना? दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं जर्मनी आणि आपलं गाव, फरक फक्त भाषेचा!

बर्था शाळेत हुशार. यंत्रं कशी चालतात याचं तिला भारी कुतूहल. पण पुढे शिकणार कुठे? त्यांच्या बाडेन प्रांतात विद्यापीठाची दारं मुलींसाठी उघडली ती १९०० साली. तोवर बर्था पन्नाशीला आली होती.

१८६९ च्या जूनमध्ये ती एका सहलीला गेली आणि तिथं तिची ओळख कार्ल बेंझ नावाच्या तरुण इंजिनिअरशी झाली. कार्लचे वडील रेल्वेत इंजिन चालवायचे आणि तो अगदी लहान असतानाच वारले होते. आईनं हलाखीत दिवस काढून त्याला शिकवलं. त्याच्याकडे पैसा नव्हता, होती ती एक कल्पना, घोड्याशिवाय चालणारी गाडी. इतर मुली असल्या गप्पांना कंटाळल्या असत्या. बर्थाला मात्र त्यातच रस वाटला. दोघांचं जमलं, साखरपुडा झाला.

१८७१ मध्ये कार्लनं मानहाइम शहरात ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर छोटा कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थानं काय केलं? तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेला पैसा तिनं वडिलांकडे लग्नाआधीच मागून घेतला. त्यातून भागीदाराचा वाटा देऊन टाकला आणि कारखाना कार्लच्या एकट्याच्या हातात आला.

यात एक गोम आहे बघा. त्या वेळच्या कायद्यानं बाई लग्न झाल्यावर आपल्या पैशाची मालकीण राहत नसे, व्यवहार नवऱ्याच्या हाती जात. म्हणजे आपल्या पैशाचं काय करायचं हे ठरवायची संधी बर्थाला लग्नाआधीच होती, आणि तिनं ती घेतली. २० जुलै १८७२ ला लग्न झालं. त्या दिवसापासून कागदावर कारखान्यात तिचा काही अधिकार उरला नाही.

पुढची वर्षं ओढगस्तीची. १८७३ मध्ये युजेन झाला, १८७४ मध्ये रिशार्ड, १८७७ मध्ये क्लारा. एकीकडे लेकरं, दुसरीकडे डोक्यावर कर्ज. कार्ल दिवसरात्र एका इंजिनाच्या मागे लागलेला. इंजिन काही चालेना. अखेर ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री जेवणं झाल्यावर दोघं पुन्हा एकदा कारखान्यात गेली. वर्षाची शेवटची रात्र, आणि त्या रात्री इंजिन सुरू झालं! नवं वर्ष लागलं तेव्हा ती दोघं त्या धडधडीजवळच उभी होती.

मग १८८३ मध्ये नवे भागीदार मिळाले, बेंझ अँड सी ही कंपनी निघाली. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लनं तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. क्रमांक ३७४३५. आज हीच तारीख मोटारीचा वाढदिवस म्हणून जगभर सांगितली जाते. पेटंटवर नाव अर्थात एकट्या कार्लचं.

पण गाडी घेणार कोण? लोक बघायला यायचे आणि घाबरून जायचे. घोडा नाही, काही नाही, आणि गाडी धूर सोडत पळते! कार्ल स्वभावानं जपून पाऊल टाकणारा. अजून एक सुधारणा करतो, अजून थोडं थांबू, असं त्याचं चाललेलं. बर्थाला कळत होतं की ही गाडी कारखान्याच्या आसपास फिरून कुणाचा विश्वास बसणार नाही. ती लांब नेऊन दाखवली पाहिजे.

१८८८ चा ऑगस्ट महिना. आपल्याकडचे श्रावणाच्या आसपासचे दिवस, माहेरची ओढ लागायचे. मुलांना शाळेची सुट्टी होती. बर्थानं ठरवलं की आईला भेटायला फोर्त्सहाइमला जायचं, आणि जायचं ते याच गाडीनं! नवऱ्याला काही सांगितलं नाही. पहाटे तो झोपेत असताना पंधरा वर्षांचा युजेन आणि तेरा वर्षांचा रिशार्ड यांना बरोबर घेऊन ती निघाली. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. इतक्या लांब तोवर कुणीच मोटार नेली नव्हती.

मैत्रिणींनो, डोळ्यांसमोर आणा जरा. डांबरी रस्ता नाही, पाटी नाही, पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही. घोडागाडीच्या चाकोऱ्यांचे कच्चे रस्ते. तीन चाकांची गाडी, मागे एकाच सिलिंडरचं इंजिन, स्टीअरिंगच्या जागी एक दांडी. इंजिन गार ठेवायला पाणी लागायचं, ते वाफ होऊन उडून जायचं. मग विहीर, ओढा, खानावळ, जिथं मिळेल तिथं थांबून पाणी भरायचं.

विस्लोख गावाशी येईतो इंधन संपत आलं. ही गाडी लिग्रोईन नावाच्या द्रवावर चालायची. तेव्हा ते कपड्यांवरचे डाग काढायला औषधाच्या दुकानात मिळायचं. बर्था सरळ दुकानात गेली आणि लिग्रोईन विकत घेतलं. ते औषधाचं दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं!

पुढे इंधनाची नळी तुंबली. बर्थानं टोपीला लावलेली लांब पिन काढून ती साफ केली. विजेच्या तारेचं आवरण झिजून तार उघडी पडली, तर पायातले मोजे वर राहावेत म्हणून बांधायचा पट्टा सोडून तारेला गुंडाळला. चेन सैल झाली तेव्हा लोहार गाठला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर एका गावात मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे ब्रेकला अस्तर लावायची युक्ती तिचीच. आपण नाही का, साडीची पिन, केसांचा आकडा, रबरबँड यांवर अर्ध्या अडचणी निभावून नेत? तसंच.

चढ आला की गाडी हट्ट करायची. मग मुलं खाली उतरून ढकलायची. असं करत करत, दिवस मावळता ती तिघं धुळीनं माखून आजीच्या दारात पोहोचली. बर्थानं मानहाइमला तार पाठवून सुखरूप पोहोचल्याचं नवऱ्याला कळवलं. काही दिवसांनी ती त्याच गाडीनं परतही आली.

आणि आली ती नुसती कौतुक ऐकायला नाही. चढावर गाडी दमते, त्यासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेक असे हवेत, हे सगळं तिनं कार्लला सांगितलं आणि त्यानं ते केलं. महिन्याभरातच, सप्टेंबर १८८८ मध्ये, म्युनिकच्या प्रदर्शनात त्या गाडीला सुवर्णपदक मिळालं. गिऱ्हाईकं येऊ लागली. १८९९ या एका वर्षात बेंझ कंपनीनं ५७२ गाड्या बनवल्या आणि ती जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी झाली.

१९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या एक झाल्या. डाइमलरची चांदणी आली, बेंझचं पानांचं कडं तिच्याभोवती आलं. त्या चांदणीचीही एक गोष्ट आहे. गॉटलीब डाइमलरनं फार पूर्वी बायकोला पाठवलेल्या चित्रकार्डावर आपल्या घरावर एक चांदणी काढली होती. मुलांना ती आठवली आणि कंपनीची खूण झाली. म्हणजे बघा, नाव एका लेकीचं, खूण बायकोच्या पत्रातली आणि पहिली दौड एका सासुरवाशिणीची!

कार्लनं मात्र तिचे उपकार विसरले नाहीत. १९२५ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यानं मान्य केलं की सगळं बुडत होतं तेव्हा एकच माणूस त्याच्याजवळ उभं होतं, ते म्हणजे बर्था. १९२९ मध्ये तो गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. ३ मे १९४४ ला, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल जिथं शिकला त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठानं तिला मानाची सिनेटर केलं. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्गच्या घरी तिनं डोळे मिटले.

इथं एक काळं पान झाकून ठेवायला मला आवडणार नाही. ते दिवस हिटलरच्या राजवटीचे होते. त्याच १९४४ सालात या कंपनीच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे सक्तीनं राबवलेले होते, परदेशातून आणलेले लोक, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. त्यांत बायकाही होत्या. १९८० च्या दशकात कंपनीनं स्वतःच इतिहासकारांकडून हा काळ तपासून घेतला. चांदणीचा मान मोठा, पण तिच्याखाली हेही घडलं.

आपला या गाडीशी संबंध जुना आहे. १९५४ मध्ये टाटांनी याच जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. आपल्या घाटांतून कांदा-ऊस वाहणाऱ्या कितीतरी जुन्या ट्रकच्या नाकावर हीच चांदणी असायची. १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत मोटारी बनू लागल्या, २००९ पासून चाकणला.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. ती आईच्या पाटल्या मोडून उभी राहिली. पाटीवर वडिलांचं नाव, खाली आणि सन्स. बर्थाची गोष्ट मी आईला सांगितली. ती निवडता निवडता थांबली आणि तिनं एकच विचारलं, त्या बाईनं पैसे आपणहून दिले का? मी म्हटलं, हो, तिनंच वडिलांकडे मागून घेतले. आई म्हणाली, मला कुणी विचारलं नव्हतं गं. विचारलं असतं तरी दिल्या असत्या.

मी गप्प झाले. पन्नास वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

बर्थाच्या नावानं तिच्या वाटेला २००८ मध्ये स्मारकमार्ग केला गेला. अमेरिकेतल्या मोटारउद्योगाच्या मानाच्या यादीत कार्लचं नाव १९८४ मध्ये लागलं, बर्थाचं २०१६ मध्ये. बत्तीस वर्षांनी का होईना, लागलं. आपल्या घरांत इतकी वाट कशाला बघायची? आपलं स्त्रीधन कायद्यानं आपलंच आहे. कुठला दागिना कधी मोडला, त्यातून विहीर झाली, दुकान झालं की मुलाची फी भरली, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. भांडणासाठी नाही, नातवंडांना कळावं म्हणून.

मी आईची वही सुरू केली आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय, पाटल्या दोन, गिरणी एक. तारीख मी विचारायच्या आधीच आईनं सांगितली. तिला ती तोंडपाठ होती.