अंकांचे सोबती : द. रा. कापरेकर

संगमनेरहून सिन्नरमार्गे नाशिककडे निघाले की नाशिक रोडच्या परिसरात देवळाली लागते. लष्करी छावणीमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. गणिताच्या जगात मात्र त्याची ओळख आहे ती एका शाळामास्तरांमुळे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच मातृछत्र हरपले. शालेय शिक्षण ठाण्यात आणि पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण नसले तरी अंकांचा ध्यास त्यांनी कधी सोडला नाही.

१९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे रहस्य मांडले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते. कापरेकरांचे जन्मवर्षच घ्या : १९०५ पासून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीवर ६१७४.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'कापरेकर संख्या' याहून निराळ्या आहेत. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ येतो. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली की मूळचीच संख्या परत मिळते. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून 'डेमलो' म्हटले. नऊ वेळा एक लिहून वर्ग केल्यास १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी डेमलो संख्या मिळते.

अनेक गणितज्ञांना हा निव्वळ अंकांचा खेळ वाटे. कापरेकर मात्र स्वखर्चाने पुस्तिका छापून आणि परिषदांना हजर राहून आपले शोध मांडत राहिले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागल्याने त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि वयाच्या सत्तरीत त्यांचे नाव जगभर पोहोचले.

१९८६ मध्ये कापरेकरांचे निधन झाले. प्रयोगशाळा, अनुदान वा मोठे पद यांपैकी काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही. तरीही जगभरच्या गणिताच्या ग्रंथांत ६१७४ ही संख्या आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणूनच ओळखली जाते. तिची प्रचिती घ्यायला शाळकरी मुलालाही वजाबाकीपलीकडे काही लागत नाही.