राणी केतेवान, रक्तसाक्षी

संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला गेलो की आपण बॉम जेझूमध्ये दर्शन घेऊन बसकडे वळतो. जवळच्याच टेकडीवर संत ऑगस्टिनच्या मठाचा ४६ मीटर उंचीचा पडका मनोरा आहे. तिथे एका राणीची अस्थी होती.

केतेवान ही जॉर्जियातील काखेतीची राणी. १६०२ मध्ये ती विधवा झाली. १६०५ मध्ये दिराने जन्मदात्याचा व भावाचा खून करून गादी बळकावली, तेव्हा सरदारांना एकत्र करून तिने त्याचा पाडाव केला. मुलगा तेइमुराझ गादीवर बसला. पुढे त्याच्या राज्यासाठी ती इराणच्या शाह अब्बासकडे ओलीस गेली. शिराझमध्ये दहा वर्षे कैद! धर्म सोडला असता तर सुटका होती, मानही होता. तिने नकारच दिला. सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या सांडशींनी तिचे हाल करून तिला मारण्यात आले.

ती ऑर्थोडॉक्स, तर तिथले ऑगस्टिनियन धर्मगुरू कॅथोलिक. तरी त्यांनीच तिचे अवशेष गुपचूप मिळवले व १६२७ मध्ये काही गोव्यास आणले. ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते.

१८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले. २००४ मध्ये पुरातत्त्व खात्याला त्या अवशेषांत हाताचे हाड सापडले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला. तो जॉर्जियातील लोकांशी जुळला. जुलै २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.