पंडिता रमाबाई : संकटकाळांतील ईशस्तवन

पाऊस वेळेवर पडला, शेत पिकलें, घरीं सर्व सुखरूप असलीं, म्हणजे देवाची स्तुति ओठांवर सहज येते. परंतु आपल्या बीड जिल्ह्यांत अशीं वर्षें थोडीं. मृगापासून आभाळाकडे डोळे लावून बसणें, आणि पिकानें दगा दिला म्हणजे मुलाबाळांसह ऊसतोडीला परमुलखास जाणें, हें येथील कित्येक घरांच्या परिचयाचें आहे. अशा वेळीं देवाची स्तुति कशासाठीं करावी, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याच्या मनांत आला तर त्यांत नवल नाहीं. त्याचें उत्तर आम्हांस पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत सांपडतें, म्हणून तें येथें संक्षेपानें देत आहों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल लोकांचा रोष त्यांनीं पत्करला होता. हें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं हिंडे. पुढें दक्षिणेंतील घोर दुष्काळांत जवळचें सर्व संपलें. अकरा दिवस केवळ पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर काढावे लागले. थोड्याच काळांत वडील, आई व थोरली बहीण हीं एकामागून एक निवर्तलीं. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास पायींच उत्तरेकडे निघालीं. झेलमकांठीं थंडी असह्य झाली, तेव्हां वाळूंत थडग्यासारखे खड्डे खणून त्यांत गळ्यापर्यंत स्वतःस पुरून घेऊन त्यांनीं रात्र काढली.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु सुख टिकलें नाहीं. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत तेही पटकीनें गेले. कन्या मनोरमा तेव्हां एक वर्षाचीही नव्हती.

१८८३ सालीं विलायतेस असतां रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन काढलें. पुढें तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं लोकांचा विरोध भडकून अनेक मुली शाळेंतून काढून नेण्यांत आल्या. तरी बाईंनीं धीर सोडला नाहीं.

आतां या चरित्राचें मर्म पाहा. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां बाई स्वतः तिकडे धांवल्या आणि सुमारें तीनशें अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. शेती, विणकाम, छापखान्याचें काम या मुली करूं लागल्या. अंध मुलींना मनोरमाबाईंनीं बोटांनीं वाचावयास शिकविलें. भुकेनें खोल गेलेला मुलीचा डोळा काय सांगतो, हें रमाबाईंना कोणी शिकवावें लागलें नाहीं. तो धडा त्यांनीं वीस वर्षांपूर्वीं झाडपाला खाऊन गिरविला होता.

१९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत बाईंनीं मागील सर्व वाटचालीबद्दल देवाचे उपकारच मानले आहेत. याचा अर्थ दुष्काळ चांगला, असा नव्हे. भुकेला भूक व मरणाला मरणच म्हटलें पाहिजे. गेलेलें एकही माणूस त्यांस परत मिळालें नाहीं. उलट १९२१ सालीं एकुलती एक मनोरमाही गेली. परंतु ज्यानें आपणांस वाचविलें तो दुसऱ्यांस वाचविण्यासाठीं आपणांस ठेवीत आहे, ही ओळख म्हणजेच त्यांच्या स्तुतीचें कारण होय. म्हणून कन्याशोकांतही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेलें पवित्र शास्त्राचें सोपें मराठी भाषांतर त्यांनीं तडीस नेलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या.

विद्यार्थीमित्रहो, पेरणी वांया गेलेल्या घरांत मोठ्यानें गाणें सुचत नाहीं, हें आम्ही जाणतों, देवही जाणतो. परंतु आज ज्याची चूल पेटली त्यानें आभार मानून शेजारच्या चुलीकडे एकदां पाहावें. ती थंड असेल तर आपल्यांतील अर्धी भाकर तिकडे न्यावी. केडगांवच्या माळावर हेंच स्तोत्र गाइलें गेलें.