कुमराम भीम

(आपल्या किनवटच्या जंगलात आणि शेजारच्या आदिलाबादच्या डोंगरांत गोंड लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. जंगल आणि जमीन यांवरील आपल्या हक्कासाठी लढलेल्या एका गोंड वीराचे चरित्र या पाठात दिले आहे.)

मुलांनो, किनवटच्या बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या गावांतून किती तरी लोक येतात. मडावी, आत्राम, कुमरे, मेश्राम, सिडाम, तोडसाम ही आडनावे तुम्ही नेहमी ऐकता. यांतील काही मुले तुमच्या ओळखीचीही असतील. ही नुसती आडनावे नाहीत. ही गोंड समाजाच्या कुळांची नावे आहेत.

गोंड समाजात अनेक कुळे आहेत. ती चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे अशा चार गटांत विभागलेली आहेत. एका गटातील सर्व कुळांचे लोक एकमेकांना भाऊबंद मानतात. म्हणून त्यांच्यात आपसांत लग्ने होत नाहीत. प्रत्येक कुळाचा देव असतो. त्याला ‘पेन’ म्हणतात. कुळाचा इतिहास पुस्तकात लिहिलेला नसतो. तो परधानांना तोंडपाठ असतो. परधान किंगरी नावाचे वाद्य वाजवत पूर्वजांच्या कथा गातात. मेश्राम कुळाचे लोक दरवर्षी पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जमतात. त्यासाठी ते गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात.

जगात इतरत्रही अशी कुळे होऊन गेली. युरोपात स्कॉटलंड नावाचा डोंगराळ देश आहे. तेथेही कुळे होती, कुळांचे नायक होते आणि त्यांच्या कथा गाणारे भाट होते. 1746 साली कल्लोडनच्या लढाईत त्यांतील बऱ्याच कुळांचा पराभव झाला. त्यांच्या पोशाखावर कायद्याने बंदी आली. पुढे मेंढ्यांच्या कुरणांसाठी अनेक कुटुंबांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावून लावण्यात आले. कूळ टिकण्यासाठी पायाखाली जमीन लागते, हे यावरून दिसते. आपल्या भागातील गोंडांवरही असाच प्रसंग आला होता.

कुमराम भीम यांचा जन्म 1901 साली आसिफाबादजवळच्या संकेपल्ली गावी झाला. कुमराम हे त्यांच्या कुळाचे नाव. त्या काळी आदिलाबाद जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. आपले किनवटही तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट तालुका नांदेड जिल्ह्यात आला.

भीमच्या लहानपणी जंगलाचे दिवस बदलत होते. पूर्वी गोंड लोक जंगलाचा एखादा तुकडा साफ करून तेथे ज्वारी पिकवत. काही वर्षांनी ती जमीन सोडून दुसरीकडे जात. सोडलेल्या जमिनीवर पुन्हा झाडे वाढत. जमीन कोणाची हे सर्वांना ठाऊक असे, म्हणून कागदाची गरज कोणालाच वाटली नाही. पुढे सरकारने जंगले राखीव केली. राखीव जंगलात शेती करणे गुन्हा ठरला. गुरे चारण्यावर आणि लाकूडफाट्यावर कर बसला. याच वेळी रस्ते झाले, रेल्वे आली आणि बाहेरचे लोक जमिनी घ्यायला येऊ लागले. ते कचेरीत जाऊन आपल्या नावाचा पट्टा करून घेत. गोंड शेतकरी मात्र ज्या शेतात राबत होता, त्याच शेतात मजूर होऊन बसे. सरकारी कामकाज उर्दूत चाले. गोंडांची बोली गोंडी. कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांना कळत नसे. अंगठा उठवला की शेत गेले, असे अनेकदा घडले.

भीम लहान असतानाच त्याचे वडील वारले. घरचे लोक दुसऱ्या गावी जाऊन नव्याने शेती करू लागले. पीक उभे राहिले, तेव्हा एका माणसाने ती जमीन आपली असल्याचे सांगितले. भांडण झाले आणि त्यात भीमच्या हातून तो माणूस मारला गेला, अशी कथा लोक सांगतात. तरुण भीमला गाव सोडून पळावे लागले.

पुढची काही वर्षे भीम दूरदूर हिंडले. ते चांद्याकडे गेले. तेथे एका छापखानेवाल्याच्या सोबतीने ते लिहायला-वाचायला शिकले, असे सांगतात. पुढे आसामातील चहाच्या मळ्यांत त्यांनी मजुरी केली. तेथे त्यांनी वेगवेगळ्या मुलखांतून आलेले मजूर पाहिले. अन्याय केवळ आपल्याच डोंगरात होतो असे नाही, हे त्यांना समजले. एकटा माणूस दबतो, पण माणसे एकत्र आली तर बोलू शकतात, हेही त्यांनी तेथेच पाहिले.

काही वर्षांनी भीम परत आले. आता ते पूर्वीचे घाबरून पळालेले पोर राहिले नव्हते. गावकऱ्यांच्या जमिनीच्या खटल्यांत ते मदत करू लागले. जोडेघाट, बाबेझरी आणि आसपासच्या गावांतील गोंड आणि कोलाम लोक त्यांच्याभोवती जमले. या लोकांनी जंगल साफ करून शेती केली होती. वनखात्याचे शिपाई येत, दंड मागत, उभे पीक नष्ट करत आणि झोपड्या जाळत.

भीम यांनी आधी कायद्याचा मार्ग धरला. त्यांनी अर्ज केले. आपले गाऱ्हाणे घेऊन ते थेट हैदराबादला गेले. डोंगरातल्या एका शेतकऱ्याने राजधानीच्या दारात उभे राहणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परंतु गावातला जुलूम थांबला नाही. तेव्हा बारा गावांतील लोकांनी ठरवले, की आता जमीन सोडायची नाही. पाणी, जंगल आणि जमीन या तीन गोष्टींवर येथे राहणाऱ्यांचा हक्क आहे, ही त्यांची मागणी होती.

1940 साली पोलिसांची तुकडी जोडेघाटच्या डोंगरावर चाल करून आली. भीम यांच्या लोकांजवळ धनुष्यबाण, भाले आणि थोड्याच बंदुका होत्या. पोलिसांनी गोळीबार केला. भीम आणि त्यांचे अनेक साथीदार मारले गेले. त्या वेळी भीम चाळिशीच्या आसपास होते.

भीम गेले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न मेला नाही. हे लोक का भडकले, हे समजून घ्यावे असे निजाम सरकारलाही वाटू लागले. त्या काळात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियाचे एक विद्वान हैदराबाद राज्यात होते. ते आपल्या पत्नी बेटी यांच्यासह मारलवाई या गोंड खेड्यात जाऊन राहिले. गोंडांची कुळे, देव, सण आणि परधानांच्या कथा त्यांनी लिहून घेतल्या. 1948 साली त्यांचा गोंडांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाल्याशिवाय शांतता येणार नाही, असे त्यांनी सरकारला कळवले. त्यानंतर आदिलाबाद जिल्ह्यात हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले.

मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी शाळाही निघाली. गोंडी बोलीत पहिली वाचनपुस्तके तयार झाली. त्यांची लिपी कोणती असेल? देवनागरी! आज तुम्ही ज्या लिपीत हा पाठ वाचत आहात, त्याच लिपीत या शाळेतील गोंड मुलांनी आपल्या आईची भाषा वाचली. बेटी 1987 साली वारल्या आणि हायमेनडॉर्फ 1995 साली. दोघांच्या समाध्या मारलवाईला आहेत.

कुमराम भीम यांची आठवण आजही ताजी आहे. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास जोडेघाटला लोक मोठ्या संख्येने जमतात. 2016 साली तेलंगणात नवा जिल्हा झाला, त्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

मुलांनो, घरी आपण उर्दू बोलतो आणि शाळेत मराठी शिकतो. अर्ज, जमीन, कागद, हुकूम, हक्क हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. ते शिकायला तुम्हांला वेळ लागत नाही. परंतु ज्यांना हे शब्द वाचता येत नव्हते, त्यांची शेते या शब्दांपायीच गेली. आज आपल्या भागात सातबारा मराठीत असतो. ज्याला तो वाचता येतो, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. तुमच्या शेजारी कोणी म्हातारे काका, मामी किंवा आजोबा हातात कागद धरून उभे असतील, तर तो कागद त्यांना नीट वाचून दाखवा. भीम यांच्या स्मृतीला तोच खरा सलाम होईल.

शब्दार्थ
पट्टा – जमिनीच्या मालकीचा कागद
राखीव – वेगळे राखून ठेवलेले
भाऊबंद – एकाच कुळातील नातेवाईक
गाऱ्हाणे – तक्रार, फिर्याद
जुलूम – अन्याय, छळ

स्वाध्याय
1. गोंड कुळांचा इतिहास कोण जपून ठेवतात? कसा?
2. गोंड शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांच्या हातून का गेल्या?
3. आसामच्या मळ्यात भीम यांना कोणत्या गोष्टी समजल्या?
4. घरातील मोठ्या माणसांना विचारून जमिनीच्या कागदावरील पाच शब्द मराठीत लिहून आणा.