रौप्यकार पॉल रिव्हिअर

इ. स. 1813 मध्यें ज्या संस्थेचे पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तिचें ठाणें बोस्टन शहरांत होतें. त्या वेळीं त्याच बोस्टनचा एक वृद्ध रौप्यकार अद्याप हयात होता. त्याचें नांव पॉल रिव्हिअर. लाँगफेलो कवीच्या कवितेमुळें रात्रीं घोडा फेंकणारा देशभक्त म्हणून जग त्यास ओळखतें. परंतु त्याचा पोटाचा धंदा चांदीचीं भांडीं घडविण्याचा होता, व आम्ही येथें मुख्यतः तीच हकीकत सांगणार आहों.

जुन्या कालगणनेप्रमाणें 1734 च्या डिसेंबरांत त्याचा जन्म झाला. फ्रान्सांत प्रॉटेस्टंट लोकांचा छळ चालला असतां त्याचा बाप तेरा वर्षांच्या वयांत बोस्टनला आला आणि जॉन कोनी नांवाच्या रौप्यकाराजवळ उमेदवारी करून हा धंदा शिकला. पॉल बापापाशींच तयार झाला. 1754 मध्यें बाप वारला तेव्हां मुलगा अवघा एकोणीस वर्षांचा होता.

गिऱ्हाईक जुनीं नाणीं व मोडकीं भांडीं आणून देई. तीं मुशींत वितळवून लगड ओतावयाची, ठोकून पत्रा करावयाचा, त्याची गोल चकती कापावयाची व ती ऐरणीवर फिरवीत ठोकून पेल्याचा घाट आणावयाचा. ठोक्यांनीं चांदी कठीण होऊन तडकूं पाहते; म्हणून तिला पुनःपुन्हां ताव देऊन मऊ करावें लागतें. मग गुळगुळीत हातोडीनें घाव मिटवून कोरणीनें वेलबुट्टी व मालकाचीं अक्षरें खोदावयाचीं. नेरच्या मुलांनीं सोनाराच्या दुकानांत मूस, ऐरण व हातोडी हीं पाहिलींच असतील. शेवटीं रिव्हिअर भांड्यावर आपल्या नांवाचा ठसा मारी. बोस्टनमध्यें चांदीचा कस पाहणारें सरकारी खातें नव्हतें. तो ठसा हीच गिऱ्हाइकाला हमी.

1768 सालीं त्यानें आपलें सर्वांत प्रसिद्ध पात्र घडविलें. इंग्लंडनें लादलेल्या करांविरुद्ध मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानें इतर वसाहतींस पत्र धाडिलें होतें. तें मागें घेण्याचा हुकूम येतांच 92 सभासदांनीं नकार दिला. त्यांच्या गौरवार्थ 45 औंस चांदीचा हा कटोरा झाला. तो करवून घेणाऱ्या पंधरा जणांचीं नांवें त्याच्या कांठाभोंवतीं कोरलेलीं आहेत. त्यांत मद्यमिश्रित पेय भरीत. तें आम्ही मुलांस अनुकरणीय म्हणून सांगत नाहीं. आम्हांस कौतुक आहे तें त्याच्या साध्या, डौलदार घाटाचें व राजरोषाला न भितां कोरलेल्या अक्षरांचें.

पण चरित्रकारानें दोषहि सांगावे. 1770 मध्यें बोस्टनच्या रस्त्यावर इंग्रज सैनिकांनीं लोकांवर गोळ्या झाडल्या. त्या प्रसंगाचें हेन्री पेलॅम ह्या तरुण चित्रकारानें काढलेलें चित्र रिव्हिअरनें त्याच्या संमतीवांचून ताम्रपटावर उतरविलें व आपलें नांव घालून त्याच्या प्रती विकल्या. पेलॅमनें पत्र लिहून तीव्र निषेध केला. जो हात आपल्या भांड्यावर प्रामाणिकपणें ठसा मारी, त्याच हातानें परक्याच्या कामावर आपलें नांव घातलें.

18 एप्रिल 1775 च्या रात्रीं घोड्यावरून लेक्सिंग्टनला जाऊन त्यानें इंग्रज फौजेची वर्दी दिली. 1779 मध्यें पेनॉब्स्कॉटच्या मोहिमेंत मात्र अमेरिकनांची दाणादाण उडाली आणि रिव्हिअरवर अवज्ञेचा व भित्रेपणाचा आरोप आला. तो गप्प बसला नाहीं. माझी चौकशी करा, असा त्यानें पुनःपुन्हां अर्ज केला; अखेर 1782 मध्यें लष्करी न्यायसभेनें त्यास निर्दोष ठरविलें. पुढें त्यानें घंटा ओतल्या, तांब्याच्या पत्र्यांचा कारखाना काढिला आणि 10 मे 1818 रोजीं देह ठेविला.

तो कटोरा 1949 मध्यें बोस्टनच्या कलासंग्रहालयानें विकत घेतला. त्या निधींत थोरांच्या देणग्यांबरोबर शाळेंतील मुलांनीं दिलेले पैसेहि होते. विद्यार्थीमित्रहो, तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर नांव घालतां, तोहि एक ठसाच आहे. आंतील काम तुमचेंच असूं द्या. आणि त्याविषयीं कोणीं विचारलें तर उत्तर द्यावयास उभे राहा.