फादर थॉमस स्टीफन्स

'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांस आम्ही सर्व ओळखतों. परंतु या महोत्सवाच्या प्रसंगीं त्यांच्या पांडित्यापेक्षां त्यांनीं माणसें कशीं जोडलीं, हेंच भाविक वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें. कारण आमच्या मतें तें पुराण अशा स्नेहांतूनच जन्मास आलें.

त्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. थॉमस पाउंड नांवाच्या मित्रासह येशूसंघांत शिरण्याचा त्यांचा बेत होता. पण त्या देशांत कॅथॉलिकांचा छळ चाललेला. पाउंड तुरुंगांत पडले आणि त्यांचीं सुमारें तीस वर्षें बंदिवासांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमास पोहोंचले व १५७५ सालीं संघांत दाखल झाले. मित्राला मात्र ते विसरले नाहींत. १५७८ सालीं संघाच्या मुख्याधिपतींस विनवून त्यांनीं बंदींत असलेल्या पाउंडांसहि संघांत प्रवेश मिळवून दिला. पुन्हां उभयतांची भेट झाली नाहीं.

१५७९ च्या एप्रिलांत ते लिस्बनहून निघाले व २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. वाटेंत गलबतावर दीडशेंवर माणसें आजारी पडलीं, २७ दगावलीं. हा सर्व वृत्तांत त्यांनीं लवकरच लंडनांतील आपल्या वडिलांस पत्रानें कळविला. मुलगा दूर गेला, पण तुटला नाहीं.

पुढील आयुष्य बहुतेक साष्टींत गेलें. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ आक्वाव्हीवा व त्यांचे चार संघबंधु मारले गेले. त्यांचे देह मिळवून त्यांस मूठमाती देण्याचें काम स्टीफन्सांनीं केलें. त्या घटनेपूर्वीं तेथील देवळें पाडण्यांत आलीं होतीं, आणि नंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवकऱ्यांच्या प्रमुखांस बोलावून ठार केलें, हें सांगितल्यावांचून ही हकीकत अर्धवट राहील. अशा दुखावलेल्या लोकांत हा परका धर्मगुरु राहिला व त्यांच्या भाषा शिकला.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबरी इत्यादि इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यांत आणले गेले. ज्या राणीच्या राज्यांत स्टीफन्सांस आपला धर्म मोकळेपणें पाळतां येईना, तिचेच हे प्रजाजन. तरी त्यांस जामीन मिळावा म्हणून स्टीफन्सांनीं खटपट केली व ते सुटले.

आतां पुराणाविषयीं. नवख्रिस्ती लोकांचे जुने ग्रंथ काढून घेण्यांत आले होते, पण त्यांच्या जागीं त्यांच्या भाषेंत कांहींच मिळालें नव्हतें. धर्मशिक्षणाच्या वेळीं एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थानें हीच उणीव त्यांच्यापुढें मांडली. ती तक्रार त्यांनीं मनास लावून घेतली, आणि सुमारें ११,००० ओव्यांचा दोन भागांचा ग्रंथ सिद्ध झाला. तो १६१६ सालीं राशोल येथें छापला गेला. आपले लोक वाचतात त्याच लिपींत छापावें म्हणून १६०८ सालींच त्यांनीं रोमास लिहिलें होतें. ६०० साचे लागतील असें वाटत असलें तरी २०० हून कमी साच्यांत काम भागेल, असा हिशेबहि दिला होता. पण ग्रंथ रोमन अक्षरांतच निघाला. १६१९ सालीं ते गोमंतकांत निवर्तले.

त्या पहिल्या आवृत्तीची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. देवनागरी अक्षरांतील 'ख्रिस्तपुराण' शांताराम बंडेलू यांनीं संपादून १९५६ सालीं आमच्या या पुण्यांतच प्रसाद प्रकाशनातर्फे बाहेर पडलें.