डॉ. केरी आणि त्यांची बाग

सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या कुंभ्याला छत्तीसगडात कुंभी म्हणतात. भिलाई-बोरसीकडील आपल्या वाचकांना ते झाड ठाऊक असेल. त्याचे शास्त्रीय नाव केरिया आर्बोरिया. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी ते आपल्या एका मिशनरी मित्रावरून ठेवले. मराठी व्याकरण (१८०५), मराठी नवा करार (१८११) छापणारे डॉ. विल्यम केरी ते हेच.

केरींचा जन्म १७६१ साली इंग्लंडमधील एका विणकराच्या घरी झाला. चुलते माळी होते. त्यांच्याकडून झाडांची गोडी लागली. परंतु त्वचेच्या विकारामुळे ऊन सोसेना, म्हणून मुलाला चांभारकाम शिकावे लागले. हाच मनुष्य १७९३ साली बंगालच्या उन्हात येऊन राहिला! १८०० पासून श्रीरामपूर (महाराष्ट्रातील नव्हे, हुगळीकाठचे) हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तेथे त्यांनी पाच एकरांची बाग केली, आणि प्रार्थनेचा एकांतही त्यांना तेथेच लाभे.

तत्पूर्वी दिनाजपूरकडे निळीचा कारखाना सांभाळताना त्यांनी शेतकऱ्यांची स्थिती जवळून पाहिली होती. तेथील शेतीवरील निबंधात इमारती लाकडाच्या लागवडीकडे कोणीच लक्ष देत नाही, याची त्यांनी खंत केली. साग, शिसू, शिरीष ही झाडे दूरदूर लावल्यास पिकांचे नुकसान होणार नाही, उलट हवा थंड राहील. पडीक जमिनीत झाडांच्या सावलीला आले व हळद घेता येईल, असे त्यांनी सुचविले. रोप लावणाऱ्याच्या हयातीत साग क्वचितच तोडणीस येतो. तरीही तो लावा, असे ते सांगत होते, आणि तेही या देशात सरकारी वनखाते स्थापन होण्याच्या अर्धशतक आधी.

१८२० साली त्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्या संस्था निघाली. रॉक्सबर्ग यांच्या निधनानंतर त्यांचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ केरींनीच १८३२ साली छापून पूर्ण केला.

बागेने मात्र त्यांची परीक्षा पाहिली. १८२३ च्या पुराने तिची मोठी हानी केली. वयाची साठी उलटली होती, तरी त्यांनी पुन्हा रोपे लावली. १८३१ च्या वादळात पुन्हा झाडे पडली. अखेरच्या दिवसांत चालवेनासे झाले, तेव्हा ते खुर्चीत बसून बागेत जात. ९ जून १८३४ रोजी ते प्रभूकडे गेले. त्याआधी आजारपणात एक चिंता त्यांनी सहकारी मार्शमन यांना बोलून दाखविली होती : आपल्यामागे ते बागेत गुरे तर सोडणार नाहीत ना?